दोन तुकडे

1974 साली मी अकरा वर्षांचा होतो. पिंपळगाव राजाहून शिकायला खामगावला आलो. थोरला भाऊ जिनिंगमध्ये कामाला होता, तो रात्री उशिरा यायचा. शाळा सुटली की मी बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचो. त्या दुकानदारांना सगळे काका म्हणत. त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर कधी माझी झाली, ते दोघांनाही कळलं नाही.

कापसाचा हंगाम आला, बाजारात गाड्यांची रांग लागली की काकांचं काम वाढायचं आणि त्या मिळकतीतून नव्या-जुन्या रेकॉर्डी यायच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत चावीचा फोनो होता. चावी मी द्यायची, सुई काकांनी ठेवायची. बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, एवढाच नियम. हिराबाई बडोदेकरांचा स्वर मी तिथे पहिल्यांदा ऐकला. समेची वाट पाहायची असते, हेही मला काकांनी कधी शब्दांत सांगितलं नाही. सम आली की त्यांची मान हलायची आणि ती कधी हलेल याकडे मी डोळे लावून बसायचो.

तीच हिराबाईंची रेकॉर्ड माझ्या हातून पडली. मधोमध दोन तुकडे झाले. काकांनी ते उचलले, कडांना बोट लावून पाहिलं, कव्हरात घातले आणि मला विचारलं, "जेवला का?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चावी पुन्हा माझ्याच हातात दिली.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी काकूंचा निरोप आला. घर विकायचं ठरलं होतं, रेकॉर्डी कुणाला द्याव्यात हे मुलांना सुचत नव्हतं. "तुले चालतीन का?" मी दुसऱ्याच दिवशी गेलो. जुनं धाब्याचं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या एलपीची पोळीसारखी लहर होते. या सगळ्या सपाट निघाल्या. एकूण 212, त्यातल्या 61 जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, लाखेच्या.

लाख म्हणजे तीच, बांगड्यांची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे ती करतात. कलकत्त्यात सियालदहला 1908 साली कारखाना सुरू झाला आणि या लाखेत खनिजाची पूड, काजळी मिसळून आपल्या गवयांचे आवाज तिथे छापले जाऊ लागले. धुताना स्पिरिटची बाटली मी हातात घेतली होती, तेवढ्यात काका आठवले: "इस्पिरिट नको लावू रे, लाख इरघयते." मऊ ब्रश आणि शुद्ध पाणी, तेही लेबलला न लागू देता.

संगणकात आवाज उतरवायला घाई चालत नाही. तीन मिनिटांच्या बाजूला तीन मिनिटं, एलपीच्या बाजूला वीस-बावीस. लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद, तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते. वीज दगा देते म्हणून मी रात्री बारानंतर बसायचो. मूळ ध्वनी 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर जसाच्या तसा ठेवायचा, साफसफाई त्याच्या प्रतीवर करायची आणि लेबलवरचे क्रमांकही नोंदवायचे. ही शिस्त मला संग्राहकांच्या लेखनातून मिळाली. मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं आणि सुरेश चांदवणकरांचं काम समोर नसतं, तर मी नुसती गाणी भरत सुटलो असतो.

खोक्याच्या तळाशी ते कव्हर होतं. आत दोन्ही तुकडे. मधे जुन्या वर्तमानपत्राची घडी, कडा एकमेकींना घासू नयेत म्हणून. मला तिथेच बसावं लागलं.

मी एक टाकाऊ एलपी खाली ठेवली, तिच्यावर तुकडे जुळवले, काठाला मेणाचे ठिपके लावले. खाच खाचेला लागेपर्यंत चार रात्री गेल्या. मग सुई चालली. एका फेऱ्यात तडा दोनदा आडवा येतो, म्हणजे मिनिटाला 156 टिक्, तीन मिनिटांत 468. पडद्यावर ते बाभळीच्या काट्यांसारखे सारख्या अंतरावर उभे होते. हे काटे आपोआप काढणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. मी ती वापरून पाहिली, पण तिला तबल्याची थापही काटाच वाटते. ठेका बोथट झाला. म्हणून एकेक हातानं काढला. रोज चाळीस-पन्नास. त्याहून जास्त केले की कान थकायचे आणि थकलेल्या कानानं हे काम करायचं नाही असं मी ठरवलं होतं.

काकू आता मुलाकडे असतात. गेल्या दिवाळीत मी मोबाईलला छोटा स्पीकर जोडून त्यांच्यापुढे ठेवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. बाजू संपेपर्यंत बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "हे तं फुटली होती नं?"

"माझ्या हातून फुटली होती, काकू."

"मालूम हाय मले." थोडा वेळ त्यांनी स्पीकरकडे पाहिलं. "दुसरी बाजू लाव."

दुसरी बाजू अजून झालेली नव्हती. तुकडे उलटून पुन्हा जुळवायचे होते.