जुन्या जीपचं उत्तरकार्य

2019 साली महिंद्राने जुन्या थारच्या शेवटच्या 700 गाड्या काढल्या. प्रत्येकीवर आनंद महिंद्रांच्या सहीची पट्टी. कंपनीच्या लेखी तो सत्तर वर्षांच्या परंपरेचा सोहळा होता; माझ्या लेखी उत्तरकार्य. मागच्या पाट्यांवर उसळणाऱ्या, ताडपत्रीच्या टपाच्या जीपचं घराणं तिथे संपलं.

घराणं मूळचं लष्करी. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी गाडी हवी होती आणि पहिला नमुना 49 दिवसांत. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टकडून दोनेक दिवसांत आराखडा काढून घेतला आणि मुदतीत गाडी उभी केली. मोठी ऑर्डर मात्र विलीज आणि फोर्डने नेली. युद्धात सहा लाखांहून अधिक जीप बनल्या; बँटमच्या वाट्याला मुख्यतः ट्रेलर आले.

मुंबईत 1945 साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा महिंद्रा आलं. विलीजचे सुटे भाग आणून माझगावात जीप जुळवल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे रुजली ती उंच बॉनेटची सीजे-3बी. इंजिन जुन्यापेक्षा उंच आलं म्हणून बॉनेट वर उचललं, इतका सरळ हिशेब. डिझेलवरची एमएम 540 नंतरची.

तहसीलदार, फौजदार, जंगल खात्याचा रेंजर, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, निवडणुकीतला उमेदवार, सगळ्यांची गाडी एकच. सरकारी लिलावात निघालेली जीप गावात यायची आणि वडापला लागायची. आत दहा-बारा, फाळक्यावर तीन-चार, मडगार्डवर एखादं शाळकरी पोर. बेकायदा होतंच, जिवावरचंही होतं. पण जिथे एसटी पोचत नव्हती, त्या वाड्या-वस्त्यांवरच्या बाळंतिणी याच जीपने तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्या. ब्रेक बेभरवशाचे, पावसात अंग भिजणारच, कंबरेचं तर विचारूच नका. तरी लोकांनी ती सोडली नाही, कारण ती बिघडली की दुरुस्त होत असे. पाना, तार आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा एवढ्यावर तालुक्याचा मिस्त्री तिला घरापर्यंत पोचवायचा. बॅटरी उतरली तर धक्का मारायला चार माणसं पुरत.

नवी थार 2 ऑक्टोबर 2020 ला, कंपनीच्या स्थापनादिनी बाजारात आली. पहिल्या गाडीला लिलावात 1 कोटी 11 लाख मिळाले. रक्कम कोविड मदतीला गेली. नाशिकला बनणारी ही थार एसीची, एअरबॅगची, हवी तर ऑटोमॅटिक गिअरची. गाडी उत्तम आहे, जुनीपेक्षा कितीतरी सुरक्षितही. पण पुन्हा जिवंत झालं ते फक्त रूप. तिचं काम बदललं: वडापऐवजी शनिवार-रविवारची हौस. दोष शोधायला आधी संगणक जोडावा लागतो, त्यामुळे आमचा मिस्त्री तिच्याकडे लांबूनच बघतो. याला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही.

तुमच्या गोठ्यामागे एखादी सीजे किंवा एमएम गंजत उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. तिचे सुटे भाग अजून मिळतात.