पडद्यावर राहिलेली नावे

नोव्हेंबर महिना जवळ आला की आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे आपापल्या मृतांच्या याद्या घेऊन येतात. कोणी वहीचे पान फाडून आणतो, कोणी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे नावे लिहितो. दोन तारखेच्या मिस्सेत आम्ही ती सारी नावे वाचतो. गेल्या वर्षी नव्वदी ओलांडलेल्या एका आजीबाईंनी निरोप धाडला, “फादर, माझी यादी लांब आहे आणि लिहायला कोणी नाही. तुम्हीच या.”

तीन दुपारी आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो. आजी घराघराच्या क्रमाने नावे सांगत होत्या. रहाटाजवळून पाय घसरून विहिरीत पडलेला मुलगा, भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने गेलेली आणि परत न आलेली शेजारीण, मूलबाळ नसलेले म्हातारे जोडपे. यांपैकी कित्येकांच्या नावाने मेणबत्ती लावणारे आज कोणी उरलेले नाही. तिसऱ्या दुपारी आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी पहिली मुलगी. अर्धा दिवस जगली. नाव मी आणि तिच्या बापानेच ठेवलं होतं. तिचं नाव सगळ्यांत शेवटी वाचा, फादर. ती सगळ्यांत लहान.”

आमच्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवी वर्षी युवकांनी आम्हांस एक टॅब भेट दिला होता. ही यादी आम्ही त्यावरच टिपत होतो. आमची पिढी सेमिनरीत वहीवर वाढली. वहीत लिहिले की ते राहिले, ही आमची समजूत. टॅबवर लिहिलेले मुद्दाम जतन करावे लागते, हे ठाऊक असूनही आम्ही ते कधी केले नव्हते. तीन दिवस तेच पान उघडे ठेवून आम्ही पुढे लिहीत राहिलो.

त्या रात्री टॅब गोठला. पडद्यावर शेवटची सात-आठ नावे स्पष्ट दिसत होती, पण बोटाला दाद मिळेना. आम्ही अधीर झालो, बटण दाबून धरले आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केल्यावर केवळ कंपनीचे चिन्ह दिसे आणि तेथेच सारे थांबे. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की आजींना अर्धांगवायूचा झटका आला असून त्यांची वाचा गेली आहे.

आता ती यादी पुन्हा कोण सांगणार? आम्ही टॅब घेऊन बाजारातील एका दुकानात गेलो. दुकानदार सहज म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो, नवा होईल.” आतील लिखाणाचे काय, असे विचारताच त्याने मान हलवली. आम्ही टॅब परत घेतला.

आमच्या गायनवृंदातील एक मुलगी संगणकशास्त्र शिकते. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “फादर, पडदा दिसत होता तेव्हा दुसऱ्या मोबाईलने त्याचा फोटो का नाही काढलात?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. फोटो सोडाच, कागद-पेन्सिल घेऊन ती नावे उतरवून घेता आली असती.

तिने आम्हांस समजावले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल. आपण लिहितो ते प्रथम यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज तुटली की ती स्मृती पुसली जाते. मात्र पुष्कळ अॅप मधूनमधून स्वतःच एक कच्ची प्रत कायमच्या साठ्यात ठेवीत असतात. ती प्रत वाचवायची असेल, तर तीन गोष्टी करू नयेत. फॉरमॅट करू नये, ते अॅप काढून टाकू नये आणि त्या अॅपचा ‘डेटा क्लिअर’ करू नये. 2019 साली आलेल्या अँड्रॉइड 10 पासून नव्या उपकरणांतील मजकूर कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवणे बंधनकारक झाले आहे. फॉरमॅट केले की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते.

तिने टॅब तासभर चार्जिंगला लावला. मग चालू-बंदचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून धरले. (बटणांची जोडी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. होम बटण नसलेल्या आयपॅडवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडावे, मग कमी करण्याचे दाबून सोडावे आणि सफरचंदाचे चिन्ह दिसेपर्यंत वरचे बटण धरून ठेवावे.) तिसऱ्या प्रयत्नात टॅब ‘सेफ मोड’मध्ये उघडला. या अवस्थेत आपण बाहेरून घेतलेली अॅप चालत नाहीत, त्यामुळे यंत्रावरील भार हलका होतो. बिघाडाचे कारणही तेथेच सापडले. सणाच्या मिरवणुकीच्या चित्रफितींनी आम्ही साठा काठोकाठ भरला होता. नवे काही ठेवायला जागाच उरली नव्हती. तिने त्या चित्रफिती वायरीने संगणकावर उतरवल्या, तेथे त्या उघडतात याची खात्री केली आणि मगच टॅबवरून पुसल्या. टॅब नेहमीच्या रीतीने सुरू केला आणि ते अॅप उघडले. कच्ची प्रत जागेवर होती.

एकूण अठ्ठावन्न नावे परत मिळाली. यादी जेथे थांबली होती, ते तिसऱ्या दुपारच्या मध्यावरचे नाव होते. त्यापुढची नावे, म्हणजे पडद्यावर आमच्या डोळ्यांसमोर असलेली नावे, गेली. त्यांतील केवळ एक आम्हांस तोंडपाठ होते, सर्वांत लहानाचे.

आम्ही ती यादी घेऊन आजींच्या खाटेपाशी गेलो आणि सावकाश वाचली. अठ्ठावन्नावे नाव संपले तरी त्यांनी आमचा हात सोडला नाही. सून म्हणाली, “फादर, त्या अजून वाट पाहताहेत.” तेव्हा आम्हांस धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी त्या आळीच्या जुन्या नोंदी उतरवून नेल्या आणि एकेक नाव वाचू लागलो. पाच नावांवर त्यांची बोटे घट्ट झाली. अखेरीस आम्ही त्यांच्या मुलीचे नाव उच्चारले. आजींनी डोळे मिटले आणि आमचा हात सोडला.

एखादे नाव नोंदवहीत नसलेले, आजींच्याच स्मरणात असलेले, तरीही निसटले असेल. ती खंत आमची आहे.

यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी तुकडे तुकडे करून जाळली, तेव्हा संदेष्ट्याने सारे पुन्हा सांगितले आणि बारूखाने पुन्हा लिहिले, हे आपण जाणतो. बारूखाला सांगणारा मिळाला. प्रत्येक वेळी तो मिळेलच असे नाही. म्हणून आता आम्ही दर संध्याकाळी लिहिलेले जतन करतो, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवतो आणि नावे असतील तर ती वहीतही उतरवतो.

दोन नोव्हेंबरला आम्ही ती चौसष्ट नावे वाचली. शेवटच्या नावाआधी क्षणभर थांबलो, जी निसटली असतील त्यांच्यासाठी. आजी चाकांच्या खुर्चीत पुढच्या रांगेत होत्या. कुटुंबाच्या अनुमतीने आम्ही हे लिहीत आहोत. त्या मुलीचे नाव मात्र येथे देत नाही. ते ज्यांनी ऐकायला हवे होते, त्यांनी ऐकले आहे.