शेऱ्याचा रकाना

सदाफुलीची निगा कुणी राखत नाही. मोरीच्या पाईपाशी, गच्चीच्या कठड्याला गेलेल्या भेगेत, चिमूटभर माती मिळाली की ती येते आणि बारा महिने फुलते. मूळची मादागास्करची, पण आता तिला परकी कोण म्हणणार? साखर वाढल्यापासून आमची आत्या रोज अनशापोटी तिची चार पानं चावते आणि कडू झालेल्या तोंडानेच बिनसाखरेचा चहा मागते.

"अगं, गोळ्या चालू आहेत ना तुझ्या?"

"गोळी डॉक्टरांची. पान आपलं."

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. तिथे हेच पान वेगळ्या वाटेने येतं. सावलीत वाळवायचं, भरड कुटायचं, सॉक्सलेट उपकरणात अल्कोहोलबरोबर तासन्‌तास फिरवायचं. अल्कोहोल उडालं की तळाशी काळपट हिरवा अर्क उरतो. काचेला असा चिकटतो की खरवडून काढताना मनगट दुखतं.

उंदरांना मधुमेह मात्र आपणच द्यावा लागतो. त्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं हे द्रव्य गार सायट्रेट बफरमध्ये विरघळवून लगेच टोचायचं. रेंगाळलात की निकामी. त्याच्या रेणूला ग्लुकोजचा तुकडा जोडलेला असतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ओळखीचा समजून त्याला आत घेतात आणि मरतात. मरताना साठवलेलं इन्सुलिन सोडतात, म्हणून पहिल्या रात्री उंदरांना ग्लुकोजचं पाणी ठेवायचं, नाहीतर ते साखर उतरूनच जायचे. दोन-तीन दिवसांत पिंजऱ्यांकडे नुसतं पाहून कळतं. बाटल्या रिकाम्या, भुसा चिंब. मग शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब, ग्लुकोमीटरची पट्टी. यंत्र तेच, आत्याच्या फ्रिजवर असतं ते.

पुढचं सगळं ठरलेलं. एका गटाला नुसतं पाणी, एकाला ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध, बाकीच्यांना अर्काचे चढते डोस. शेवटी तक्ता, आकड्यांच्या डोक्यावर चांदण्या, आणि साखर लक्षणीयरीत्या उतरल्याचं वाक्य. उतरते खरी. पण मधेच एखादा उंदीर दगावला तर तो तक्त्यातून गुपचूप वजा होतो, याचा मला राग येतो. आपण एकच प्रश्न विचारतो आणि दुसरं उत्तर आलं तर कान बंद करतो.

कॅनडातल्या लंडन शहरात संशोधक रॉबर्ट नोबलने कान बंद केले नाहीत. १९५२ मध्ये त्याचा भाऊ क्लार्क याच्याकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली. तिकडे लोक मधुमेहावर त्यांचा काढा पीत. (हा क्लार्क म्हणजे १९२१ मध्ये, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगच्या हाताखाली आधी कुणी राबायचं यासाठी झालेली नाणेफेक बेस्टपुढे हरला तोच, असं सांगतात. जिंकला असता तर इन्सुलिनच्या गोष्टीत त्याचं नाव आलं असतं.) पानं रॉबर्टकडे गेली. उंदरांना अर्क तोंडावाटे दिला, साखर जवळजवळ हलली नाही. टोचून दिला, तर उंदीर आठवड्याभरात जंतुसंसर्गाने मेले. फाईल मिटायला एवढं पुरे होतं. नोबलने मेलेल्या उंदरांचं रक्त पाहिलं. पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या, अस्थिमज्जा मंदावली होती. मग रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर येऊन मिळाला आणि १९५८ पर्यंत व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. त्याच झाडातलं व्हिन्क्रिस्टिन आज रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांना देतात.

आत्याला हे सगळं सांगितलं. पानात साखर उतरवणाऱ्यापेक्षा पेशी मारणारंच जास्त काही असेल, आणि तिच्या चार पानांत ते किती हे कुणी मोजलेलं नाही, म्हणून भीती घालायचा माझा बेत होता. ती म्हणाली, "म्हणजे कॅन्सरही व्हायचा नाही!"

विद्यार्थ्यांचं जरा बरं आहे, त्यांना गुण हवे असतात. नोंदवहीत शेवटी 'शेरा' म्हणून एक अरुंद रकाना असतो. वर्षानुवर्षं कोराच जायचा. मी तो भरल्याशिवाय सही करत नाही. बहुतेक जण "ठीक" लिहून मोकळे होतात. परवा एकीने लिहिलं, "तिसऱ्या पिंजऱ्यातला खातो, पण अंग चाटत नाही. केस पिंजारलेले." साखर अगदी हवी तशी उतरलेली होती. तिला म्हटलं, पट्टी बाजूला ठेव आणि आधी याच्या पांढऱ्या पेशी मोज.