पास हातात, पण जागा कुठे?

माझे मरहूम अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. इक्बालांनी १९३३ साली स्पेनमधल्या कुर्तुबाची मशीद पाहिली आणि तिच्यावर नज्म लिहिली, हे ते दरवर्षी मुलांना सांगत. स्वतः मात्र ते हैदराबादच्या पलीकडे कधी गेले नाहीत. म्हणूनच जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या भाईजानने "युरोपात काय पाहायचं?" असं विचारलं, तेव्हा अम्मी एवढंच म्हणाली, "कुर्तुबा."

अम्मीचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. भाईजानची यादी मात्र सात शहरांची होती. "रेल्वेचा पास काढू, मग हवी ती गाडी पकडायची," तो फोनवर म्हणाला. मी अनसिंगहून विचारलं, "भाईजान, गाडी आपण पकडू, पण अम्मी बसेल कुठे?"

आपल्याकडे स्लीपरचं तिकीट कन्फर्म झालं की बर्थ नक्की. ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटाही आहे. युरोपात पास आणि सीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पास म्हणजे प्रवासाचा हक्क. जर्मनीत तेवढ्यावर गाडीत चढता येतं, रिकाम्या जागेवर बसता येतं. पण फ्रान्सची टीजीव्ही आणि स्पेनच्या जलद गाड्या यांना पास असूनही वेगळं आरक्षण काढावं लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे. फ्रान्सच्या आतल्या टीजीव्हीला माणशी १० किंवा २० युरो, सीमा ओलांडणाऱ्या गाडीला त्याहून जास्त. शिवाय काही गाड्यांत पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात. त्या संपल्या की गाडीत सीट रिकामी असली तरी पूर्ण भाड्याचं तिकीट घ्यावं लागतं.

पासही दोन प्रकारचे. भाईजान युरोपचा रहिवासी म्हणून त्याला इंटररेल, आम्ही मायलेकी बाहेरच्या म्हणून आम्हाला युरेल. इंटररेल स्वतःच्या देशात जाताना एकदा आणि येताना एकदाच चालतो. तेव्हा तिघांची आरक्षणं वेगवेगळ्या पासांवर, पण शेजारीशेजारी हवी होती.

मी वहीत शहरं लिहिली नाहीत, अम्मीला एका दिवसात किती बसवेल ते लिहिलं. सात तास ही हद्द ठरली. स्टुटगार्ट ते पॅरिस सुमारे सव्वातीन तास. पॅरिसला आमची गाडी गार द लेस्त स्टेशनावर येणार आणि बार्सिलोनाची गार द लियोंहून सुटणार, म्हणून तिथे रात्रीचा मुक्काम. पॅरिस ते बार्सिलोना पावणेसात तास, मग दोन दिवस आराम. बार्सिलोना ते कुर्तुबा पावणेपाच तास, तिथे तीन रात्री. शेवटी माद्रिद पावणेदोन तास आणि तिथूनच परतीचं विमान. प्रवासाचे दिवस चार झाले, म्हणून महिन्याभरात चार दिवस चालणारा पास पुरला. सातपैकी चार शहरं गळाली. भाईजान दोन दिवस नाराज होता.

आरक्षणाचा क्रमही ठरवून घेतला. ज्या गाडीत जागा मिळणं सर्वांत अवघड, ती आधी, म्हणजे पॅरिस-बार्सिलोना. ती हाती आल्यावर बाकीच्या तीन, त्यानंतर हॉटेलं. आरक्षणाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत थांबलो. स्पेनच्या स्टेशनांवर सामान तपासतात आणि गाडीचं दार सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी पाऊण तास आधी पोहोचायचं ठरवलं. अम्मीने कसर नमाज सीटवर बसूनच अदा केली. खजूर आणि घरचा चिवडा सोबत होताच.

कुर्तुबाची ती इमारत आज कॅथेड्रल आहे, तिथे नमाज अदा करता येत नाही, हे अम्मीला अनसिंगलाच सांगून ठेवलं होतं. आत ८५६ खांब आहेत. अम्मी काठी टेकत हळूहळू फिरली, मग एका खांबाजवळ बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही. बाहेर आल्यावर संत्र्याच्या झाडाखाली बसून म्हणाली, "तुझ्या अब्बांना घरी जाऊन सांगते."

घरातल्या बुजुर्गांना घेऊन जाणार असाल तर नकाशा नंतर उघडा. आधी त्यांना विचारा, एका जागी किती वेळ बसवतं आणि किती पायऱ्या चढवतात. गाड्या त्या हिशेबाने निवडा.