पाकिटाची पाठ

आईची रक्तातली साखर वाढून एचबीए१सी ७.५ वर गेलं, तेव्हा आहारतज्ज्ञ मॅडमनी एक कागद हातात ठेवला. त्यावर जगावेगळं काही नव्हतं. ज्वारीची भाकरी, उसळ, निम्मं ताट भाजी, ताक, मधल्या वेळी पेरू नाहीतर मूठभर फुटाणे. हे सगळं रांधायला आम्हाला येतच होतं. बदलायची होती ती बाजाराची पिशवी.

भाजीचंच बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी ज्या सूचना काढल्या, त्यात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. आम्ही घरात तिघं, म्हणजे रोजची जवळपास सव्वा किलो! आमच्याकडे पाव किलो गवारीत तिघांचं जेवण व्हायचं, कारण पोट भरायचं ते पोळी-भातानं. आता आधी भाजी आणि उरलेल्या पैशांत बाकीचं, असा क्रम लावला. हंगामात जे असेल ते घेतलं की खिशालाही झेपतं. थंडीत मेथी, चाकवत, पावटा. पावसाळ्यात दोडका, पडवळ. उन्हाळ्यात पालेभाजी महागते, तेव्हा दुधी आणि काकडी. ब्रोकोली-ॲव्होकाडोवाचून पथ्याचं काहीही अडत नाही, हे मी ठामपणे सांगते.

मंडईत शब्द आईचा. दुधीला नख लावलं की तो कोवळा की जून, हे तिला लगेच कळतं. धान्याच्या दुकानात ती ज्वारी तळहातावर पसरते, एखादा दाणा दाताखाली फोडते. "काका, ही मालदांडी नाही. हायब्रीड असेल तर तसं सांगा, भावही तसाच लावा." रब्बीची मालदांडी सोलापूर-मंगळवेढ्याकडची, टपोरी आणि चवीला गोडसर. महाग असते, पण तिची सकाळची भाकरी संध्याकाळीही मऊ लागते. तयार पीठ आई घेत नाही. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. बाजरीचं पीठ तर लवकर कडू होतं. म्हणून दळण थोडं थोडं, गिरणीतून. मटकी, मूग, हुलगे आख्खे आणून घरीच मोड काढायचे.

पण पाकिटाला नख लावता येत नाही. तिथे आईचं हे सगळं शहाणपण अडतं आणि वाचणं माझ्याकडे येतं.

वाचायचं ते मागच्या बाजूला. पुढची बाजू जाहिरातीची असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तोच त्या पदार्थाचा मुख्य घटक. एका पाकिटावर नाचणीचं भलं मोठं कणीस होतं. मागे पाहिलं तर आधी मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी पार खाली. 'शुगर फ्री' बिस्किटांवर आईचा फार विश्वास. ते दोन शब्द एवढीच हमी देतात, की १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नाही. पण मैद्यातल्या पिष्टाची पोटात गेल्यावर साखर व्हायची ती होतेच. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप ही नावं यादीत वर दिसली, की मी पाकीट परत ठेवते. आईला रक्तदाबही आहे, त्यामुळे सोडियमचा आकडा पाहते. त्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. झटपट सूप किंवा मसाला ओट्सच्या पाकिटाचा हिशेब एकदा करून पाहावा. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वेळच्या वाढणीचे, हेही तपासावं. वाढणी दोन बिस्किटांची धरली, की सगळंच निरुपद्रवी दिसतं.

हे मी वाचू शकते. आई मराठी सातवी शिकली, रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, आणि तरी तिच्याच औषधपाण्याशी जोडलेली ही माहिती तिला वाचता येत नाही. नियमाला इंग्रजी किंवा हिंदी चालतं. बहुतेक पाकिटांवर इंग्रजीच असतं, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. याचा मला मनापासून राग येतो. पथ्य जास्त करून साठी-सत्तरीच्या माणसांना असतं, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर त्यांना त्यांच्या भाषेत चार ओळी मिळू नयेत? त्या मराठीत हव्यात, चष्म्यातून नीट दिसतील एवढ्या मोठ्या हव्यात.

तोवर आईने तिचा मार्ग काढला आहे. मैदा, साखर, पामतेल, मीठ यांची इंग्रजी नावं मी तिला एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून दिली, समोर मराठी अर्थ. ती अक्षरांचे आकार जुळवून पाहते. नाहीच जमलं तर दुकानातल्या पोराला हाक मारते, "बाळा, यात पहिलं नाव कोणतं लिहिलंय?" तो वाचून दाखवतो, आणि आता तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकाही आपापली पाकिटं त्याच्यापुढे धरतात.