नऊच्या आधीची काजं

आईचं मूत्रपिंड माझ्या पोटात उजव्या बाजूला, जांघेच्या जरा वर बसवलंय. त्याला आता तीन वर्षं झाली. डायलिसिस सुटलं, तांब्याभर पाणी न मोजता पिता येऊ लागलं. सुरुवातीचे आठवडे त्या आनंदातच गेले. मग एका सकाळी मशीनपाशी बसले आणि दोरा सुईच्या नेढ्यात जाईना. हात थरथरत होता. दोऱ्याचं टोक ओलं केलं, पुन्हा धरलं, पुन्हा चुकलं. आईनं सुई घेतली, ओवून दिली आणि काही न बोलता आत गेली.

मी चिपळूणला घरीच शिवणकाम करते. माझं पोट या हातांवर आहे.

थरथर टॅक्रोलिमसची. शरीराला आईचं मूत्रपिंड परकं वाटतं. त्याचा विरोध दाबून ठेवायला ही गोळी सकाळी नऊला आणि रात्री नऊला. कमी पडली तर रिजेक्शन. जास्त झाली तर थरथर वाढते, साखर चढते आणि ज्याच्यासाठी घ्यायची त्या मूत्रपिंडालाच इजा होते. म्हणून रक्तातली तिची लेव्हल बघायची. त्या दिवशी सकाळची गोळी पर्समध्ये ठेवून लॅबमध्ये जायचं, आधी रक्त द्यायचं, मग तिथल्याच बाकावर गोळी घ्यायची.

सोबतच्या स्टिरॉइडनं चेहरा गोल झाला. बायका म्हणायच्या, "तब्येत छान सुधारली गं!" त्यांना काय सांगणार? रात्री दोनला पोटात आग पडल्यासारखी भूक लागायची आणि झोप उडालेली असायची. डोस उतरत पाच मिलिग्रॅमवर आला, तसा चेहराही उतरला.

थरथर मात्र राहिली. लग्नसराईत एका नवरीच्या ब्लाऊजचं हातकाम होतं. त्या रात्री गोळी तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसले. एक चुकवली तर उद्या हात स्थिर राहील, असं मनात आलं. आई समोर भाजी निवडत होती. मी गोळी घेतली आणि सकाळी हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर ताईंना फोन केला. हे आधीच करायला हवं होतं. लेव्हल पाहून डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला. हाताचा त्रास मी दोन महिने अंगावर काढला होता, जणू तक्रार केली तर आईच्या दानाचा अपमान होईल.

पुढच्या पावसाळ्यात खोकला झाला. जवळच्या दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन मिळालं. ट्रान्सप्लांट झाल्याचं मी सांगितलं होतं, पण गोळ्यांची यादी दाखवली नाही, त्यांनीही विचारली नाही. चौथ्या दिवशी चहाचा कप ओठांपर्यंत नेईपर्यंत निम्मा बशीत सांडला. लेव्हल 21 आली, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.1 वरून 1.8. ते औषध बंद केलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून टॅक्रोलिमसही दोन वेळा थांबवलं. आकडे खाली यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत आईनं मला एकदाही रागावून विचारलं नाही, आणि तेच मला सोसेना.

डॉक्टरांनी समजावलं: टॅक्रोलिमस मोडून काढणारं यकृतातलं एन्झाइमच हे अँटिबायोटिक अडवतं, मग गोळी रक्तात साठत जाते. पपनसानंही तसं होऊ शकतं. आमच्या परसात पपनसाचं झाड आहे. गणपतीत फळं सोलून पाकळ्या सगळ्यांच्या हातावर ठेवायची आईची जुनी हौस. आता ती फळं उतरवून न सोलताच शेजारी देते.

आता कुठल्याही दवाखान्यात खोकला सांगायच्या आधी मी यादीचा कागद टेबलावर ठेवते. नवं औषध असेल तर फोन करून विचारल्याशिवाय पाकीट फोडत नाही.

वहीत तासांची नोंद ठेवली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझी थरथर गोळीनंतरच्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त असते आणि पुढची गोळी घ्यायच्या आधी सगळ्यात कमी. म्हणून काजं मी सकाळी सातला करायला घेते. पावणेनऊपर्यंत सहा होतात. मग सुई डबीत, गोळी, पाणी. आणि उरलेला दिवस मशीनवरच्या सरळ शिवणीचा.