ताटलीत राहिलेला भात

मोतीची ताटली जर्मनची होती. काठ एका जागी चेपलेला, तिथे त्याच्या दातांची बारीक नक्षी. कडावजवळच्या आमच्या घरी ती मागच्या पडवीत पालथी असायची. घरातली जेवणं उरकली की आजी ती सरळ करायची आणि तिच्यात कणीचा भात वाढायची. कर्जत हा भाताचा तालुका. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही वाणं इथल्या संशोधन केंद्रातून निघाली. आमच्याकडे कुत्र्याच्या वाट्यालाही भातच यायचा. गिरणीतून तांदूळ आला की तुकडा झालेली कणी वेगळ्या डब्यात जायची, थोडी कोंबड्यांना, थोडी मोतीला. वर सुकट धुतलेलं पाणी, नाहीतर वरणाच्या पातेल्याचं खरवडलेलं. सुकटीचा वास आला की मोती गोठ्यापासून धावत यायचा.

आजी ताटली ठेवताना कधीकधी नामदेवांची गोष्ट सांगायची. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. मला तेव्हा त्या गोष्टीतला फक्त धावणारा कुत्रा आवडायचा.

त्या वर्षी श्रावणात मोतीने जेवण सोडलं. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे श्रावणात सुकट बंद, म्हणून सगळ्यांना वाटलं, नुसता भात याला नको झालाय. “नखरे करतोय,” मीच म्हटलं. आई म्हणाली, “भूक लागली की खाईल.” दुसऱ्या दिवशी आजीने भातावर तूप सोडलं. त्याने हुंगलं, मान फिरवली आणि उडवीच्या आडोशाला जाऊन पडला. तिसऱ्या दिवशी ताटलीत मुंग्या होत्या. चौथ्या सकाळी त्याच्या नाकातून रक्त आलेलं दिसलं आणि दुपारपर्यंत तो गेला. आईने ताटली राखेने घासली, माळ्यावर ठेवली. त्यावर घरात कुणीच काही बोललं नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते, आणि “नखरे” हा शब्द मी उच्चारला होता हे मला अजून आठवतं.

तो कशाने गेला हे मला फार उशिरा उमगलं. आता खात्री करता येणार नाही, पण लक्षणं सांगितल्यावर पशुवैद्यांनी लगेच गोचीड-तापाचं नाव घेतलं. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो, पांढऱ्या पेशींत घर करतो, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी होतात आणि नाकातून रक्त येऊ लागतं. 1935 मध्ये अल्जीरियात तो प्रथम ओळखला गेला. 1960च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याची कितीतरी कुत्री याच तापाने दगावली. म्हणजे मोती आमच्या पडवीत पडला होता तेव्हा जगाला हा आजार ठाऊक होता. आमच्या वाडीला नव्हता. गोचीड मात्र प्रत्येक घराला ठाऊक होती. गुराच्या अंगावरची गोचीड काढून टाकणं हे आम्हा पोरांचं रोजचं काम. कुत्र्यावर पोसणारी तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगते, खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आमच्या पावसाळी, ओल्या उबेत तिला याहून चांगलं काय हवं!

लग्नानंतर मी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला आले. तिथे एका कुटुंबाची बदली झाली आणि त्यांची पॉमेरेनियन कुत्री, राणी, आमच्याकडे राहिली. ती खरोखरच चोखंदळ होती. चहात बुडवलेलं बटर तिला हवं, भात नको. आणि भात खाल्लाच तर कुणीतरी शेजारी बसलं पाहिजे. आम्ही शेजारी बसत गेलो, हातातून भरवत गेलो. तिला कळून चुकलं की नाही म्हटलं की माणूस जवळ येतो आणि काहीतरी बरं देतो.

एकदा तिला जंतांची गोळी द्यायची होती. ह्यांनी ती कुस्करून दहीभातात कालवली. तिने एक घास घेतला, थांबली, आणि ताटलीकडे अशा नजरेने पाहिलं की मला ओशाळल्यासारखं झालं. त्यानंतर ती असेपर्यंत दहीभाताला तिने तोंड लावलं नाही. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या सुमारे 1700, माणसाच्या सुमारे 9000. चव त्याला आपल्याहून कमीच. पण जीभ पोचण्याआधी नाक पोचतं, आणि नाकाने एकदा धरलेली आठवण सुटत नाही. तिच्या रोजच्या अन्नात फसवणूक कालवण्याचा आम्हाला काय अधिकार होता, असं मला आजही वाटतं.

सासूबाई गेल्या, मुलं मार्गी लागली, आणि आम्ही पुन्हा कर्जतकडे, आईच्या घरी आलो. माळा आवरताना ती ताटली सापडली. मी ती घासून पडवीत ठेवली. खाणारं कुणी नव्हतं.

गोट्या आला तो पुढच्या पावसात. आमच्या भागात आता मुंबईकरांची फार्महाऊसं पुष्कळ. त्यांपैकी एका बंद फाटकाशी हा तीन दिवस बसून होता. घरी आणला, ताटली भरली, आणि त्याने काही खाल्लं नाही. भात नाही, अंडं नाही, सुकटसुद्धा नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “राहू दे गं, भूक लागली की खाईल.” ते शब्द कानावर पडताच मी उठले. त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहिली. कागदासारखी पांढरी.

‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य खोटं नाही. ते धडधाकट कुत्र्यासाठी खरं आहे. राणीपुढे आम्ही ताटली ठेवली असती, वीस मिनिटांनी मुकाट्याने उचलली असती, मधे काही दिलं नसतं, तर चार दिवसांत तिचे हट्ट सुटले असते. पण आजारी कुत्र्यापुढे तेच वाक्य म्हणजे त्याला दार लावून घेणं. जे कुत्रं फाटकाशी धावत येतं, पाणी पितं, शेपूट हलवतं आणि फक्त भात नाकारतं, त्याची गोष्ट वेगळी. जे कोपरा धरतं, ज्याचे कान तापलेले आहेत, ज्याने कालपर्यंतचा आवडता घास सोडलाय, त्याची वेगळी. शंका आली की हिरडी पाहावी, आणि ती फिकट दिसली तर उद्याची वाट पाहू नये. दहा वर्षांच्या त्या मुलीला हे कुणी सांगितलं असतं तर!

रक्त तपासलं, गोचीड-तापच निघाला. कुणी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला न्यायला सांगितलं, पण तेवढी वेळ आली नाही. डॉक्सिसायक्लिनची गोळी, 28 दिवस. एकही दिवस चुकवायचा नाही. दुधाबरोबर द्यायची नाही, कारण दुधातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि ते रक्तात नीट उतरत नाही. कोरडीही द्यायची नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. कुणीतरी आपली तापाची गोळी द्यायला सुचवलं. ती मात्र कुत्र्याला विषासारखी ठरू शकते, म्हणून मी डबाच वर ठेवून दिला. कांदा-लसणाचं कालवणही त्याच्या भातावरून बंद झालं. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि याच्याकडे त्या आधीच कमी.

मी एकच ठरवलं, ताटलीत गोळी जाणार नाही. ताटली ही फक्त जेवणाची. औषध मागच्या पायरीवर, माझ्या हातातून. उकडलेल्या बटाट्याचे तीन लहान गोळे करायचे. पहिला रिकामा, दुसऱ्यात औषध, तिसरा दुसऱ्याच्या पाठोपाठ नाकासमोर, म्हणजे तिसऱ्याच्या ओढीने दुसरा चावत न बसता गिळला जातो. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी त्याने दुसरा गोळा जिभेवर फिरवला, बटाटा गिळला आणि गोळी माझ्या पायाशी ठेवली.

तेव्हा मला आजोबा आठवले. आजारी बैलाला ते बांबूच्या नळकांड्याने काढा पाजायचे. आधी त्याच्या मानेवरून हात फिरवायचे, त्याला नाव घेऊन सांगायचे, मग एका हाताने तोंड वर धरायचे. काही लपवायचे नाहीत. बैल मान झटकायचा, पण दुसऱ्या दिवशी त्यांना पाहून मागे सरायचा नाही. मी गोट्याला म्हटलं, “गोळी आहे रे.” डाव्या हाताने वरचा जबडा धरला, उजव्या हाताने खालचा उघडून गोळी जिभेच्या अगदी मुळाशी ठेवली, तोंड मिटलं, गळ्यावरून हळूच बोटं फिरवली. त्याने नाक चाटलं. नाक चाटलं म्हणजे गिळलं. मग पिचकारीने गालाच्या फटीतून थोडं थोडं पाणी, आणि अर्ध्या तासाने जेवण.

जेवणाचं तेवढं सोपं नव्हतं. औषधाने मळमळत असावं. भात कोमट केला की वास उठतो, तेव्हा तो येऊन दोन घास घ्यायचा. डोक्यावर उभं राहिलं की खायचा नाही. म्हणून मी पाठ करून तांदूळ निवडत बसायचे आणि जिभेचा आवाज ऐकायचे. सातव्या रात्री ताटली पडवीच्या फरशीवर सरकत गेल्याचा आवाज आला, जसा मोती चाटूनपुसून खाताना यायचा. मी मागे वळले नाही. सूप मांडीवर तसंच राहिलं.

नामदेवांची गोष्ट मला आता वेगळी ऐकू येते. ते वाटी खाली ठेवून भूक लागण्याची वाट पाहत बसले नाहीत. उठले आणि मागे गेले.

गोट्या आता पाच वर्षांचा आहे. आठवड्यातून एकदा मी त्याच्या बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या मागची जागा तपासते, भिंतींच्या फटी सिमेंटने बुजवल्यात. तरी पाऊस लागला की धास्ती वाटतेच. आज सकाळपासून सोंडाईच्या डोंगरावर ढग उतरलेत. दुपारी त्याने ताटली हुंगली, मान फिरवली आणि उंबऱ्यावर जाऊन पडला. मी सूप बाजूला ठेवलं, त्याच्याजवळ बसले, ओठ उचलला. हिरडी गुलाबी होती. बोटाने दाबून सोडली. पांढरी झालेली जागा लगेच भरून आली. फाटकाशी दूधवाल्याची मोटारसायकल वाजली तसा तो उठून भुंकत गेला.

भातावर मी ताट झाकलं. संध्याकाळी पुन्हा कोमट करीन.